आर्किटेक्टला ‘किचन नेहमीसारखं’ असं सांगून बसलोय. आता काय करू?

भाकरतुकडा :

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, राहणार सोलापूर. जुळे सोलापुरात आमचा ३० बाय ५० चा प्लॉट बारा वर्षं बाभळी उगवत पडून होता. दिवाळीनंतर एकदाचं काम काढलं. जोतं झालं, महापालिकेकडून तपासूनही झालं, कॉलम उभे आहेत. पुढच्या आठवड्यात स्लॅबचं सेंट्रिंग, म्हणजे स्लॅब ओतायचा साचा आणि टेकू लावायचं काम, सुरू होणार. आणि आत्ता, या रविवारी, माझ्या ध्यानात आलंय की आमचं स्वयंपाकघर चुकलंय.

नकाशा बरोबर आहे. १० बाय ९, एल आकाराचा ओटा, फ्रिजची जागा, मागं धुण्याची जागा, शेजारी ५ बाय ९ चं स्टोअर. कुणालाही आवडेल असं. फक्त ते आमचं नाही.

माझ्या सासूबाई कडक भाकरी आणि शेंगाचटणी करतात. वय ७१. बाळीवेशीतल्या जुन्या घरात गेली बावीस वर्षं हे चालू आहे. त्या, शेजारच्या काकू आणि एक मावशी अशा तिघी जमिनीवर बसून, तीन शेगड्या खाली ठेवून भाकरी थापतात. चटणी उखळात कुटतात, मिक्सरला हात लावत नाहीत. दिवाळीत आणि मे महिन्यात तर पुण्या-मुंबईला जाणाऱ्या पोरांच्या पिशव्या भरण्यासाठी घरात नुसती रांग. माझ्या डी.एड.ची फी याच भाकऱ्यांतून गेली आहे, लग्नानंतर शिकले मी.

आता हे आर्किटेक्टला माहीत नाही. कसं माहीत असणार? पहिल्या भेटीत त्यांनी दोन पानांची प्रश्नावली दिली होती. ती ह्यांनी ऑफिसात बसून भरली. ‘स्वयंपाकघर कसे हवे?’ याच्यापुढं ‘नेहमीसारखं’. ‘घरातून काही व्यवसाय चालतो का?’ याच्यापुढं ‘नाही’. मी परवा ते कागद काढून वाचले तेव्हा हसावं की रडावं कळेना. ह्यांनी खोटं लिहिलं असं नाही. ह्यांच्या लेखी तो व्यवसायच नाही, ‘आईचं काहीतरी चालू असतं.’

आणि नकाशा दाखवायला ते घरी आले त्या दिवशी आई कुठं होत्या? आत चहा करत होत्या. मीही बशा पुसत होते. मोठे दीर, हे आणि पुण्याहून फोनवर नणंदेचे मिस्टर, एवढ्यांनी मिळून पास केलं. मी येऊन बघितलं आणि ‘छान आहे’ म्हणलं. दुसरं काय म्हणणार? कागदावर सगळंच छान दिसतं.

रविवारी आई पहिल्यांदा साइटवर आल्या. स्वयंपाकघराच्या जागी उभ्या राहिल्या, चार पावलं टाकली आणि मला हळूच विचारलं, “बाई, हितं देवघर हाय का?”

माझे प्रश्न असे. आता बदल करायला उशीर झालाय का? हे म्हणतात, “आता सांगितलं तर ते म्हणतील आधी का नाही सांगितलं,” म्हणून हे गप्प. आणि कंत्राटदार म्हणतो, “मॅडम, त्यांना कशाला मधी घालताय, मी देतो भिंत सरकवून.” त्याचं ऐकावं का?

---

निवृत्त_ओव्हरसियर :

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही, नाही आणि नाही.

माझी सगळी नोकरी साइटवर गेली. “देतो सरकवून” म्हणणारा माणूस वाईट नसतो, पण त्या भिंतीखाली काय आहे याचा विचार त्याचा नसतो. वीटकामाची भिंत जोत्याच्या बीमवर बसते. ती दोन फूट सरकवली की ती भरावावर बसते. आपल्याकडं काळी माती, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मुरमाचा भराव नीट पाणी मारून, थर देऊन धुमसला नसेल तर तो बसतो आणि त्याच्याबरोबर तुमची भिंतही बसते. माझ्या सख्ख्या भावाच्या घरात असाच एक तिरका तडा आहे. दर दोन वर्षांनी पुट्टी भरतो, दर दोन वर्षांनी परत उमटतो. तिथंही कंत्राटदारानं प्रेमानंच सरकवली होती.

उशीर झालाय का? भिंती उभ्या राहिल्या नाहीत, स्लॅब पडला नाही, मग कसला उशीर. पण स्लॅबचं सेंट्रिंग लावायच्या आत बोला. वरच्या भिंती आणि वरचे बीम कुठं येतात हे त्या नकाशावर ठरलेलं असतं. आज फोन करा. फोन झाल्यावर तेच लिहूनही पाठवा.

बाहेरच्या भिंतीला मात्र हात लावायला सांगू नका. बाजूची मोकळी जागा कमी झाली की नकाशा पुन्हा मंजुरीला, आणि मग आहेच महापालिकेच्या पायऱ्या.

जाता जाता, हौद केवढा धरलाय? माणशी दिवसाला १३५ लिटर हा धरायचा हिशेब असतो. तुम्ही पाच जण असाल तर ६७५. पाणी चार-पाच दिवसांआड येतं असं धरलं तर साडेतीन हजारांच्या आसपास घरचंच झालं. त्यात तिघींची भांडी, पराती. आतून ७ बाय ५ बाय ५ फूट धरला तर ५,००० लिटरच्या जवळ जातो. हेही प्रश्नावलीत कुणी लिहिलं नसणार.

---

कोथरूडचा_सोलापूरकर :

नकाशा वाचता येत नाही हे मान्य. मग थ्रीडी मागायचा ना? आजकाल सगळेच देतात. पैसे वाचवायला गेलात का?

---

भाकरतुकडा :

थ्रीडी होता की. पैसे देऊन केलेला. त्यात पांढरंशुभ्र किचन, ओट्यावर सफरचंदांची टोपली आणि खिडकीतून समुद्रासारखं काहीतरी निळं. आमच्या घरात सफरचंद कुणी आजारी पडलं तर येतं. ते चित्र बघताना मला एकदाही वाटलं नाही की हे आपलं घर आहे, त्यामुळं यात उखळ कुठं हे विचारायचंही सुचलं नाही. चित्र जितकं चकचकीत तितका माझा धीर सुटत गेला असं म्हणा.

ओव्हरसियर काका, हौद २,००० लिटरचा आहे. बघितलं आत्ताच.

---

पूर्वभाग :

ताई, तुमचं वाचून आमचं आठवलं.

आम्ही तेलुगू, पूर्व भागातले. वडील यंत्रमागावर, अम्मा विडी वळायची. २०११ मध्ये आम्ही घर पाडून नवं बांधलं. इंजिनियरला वडिलांनी काय सांगितलं? “खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या, समोरून चांगलं दिसलं पाहिजे.” त्यानं समोरून चांगलं करून दिलं. दाराबाहेर छान व्हरांडा, त्याला कमरेएवढा कठडा, वर जाळी.

अम्मा तीस वर्षं जुन्या घराच्या उंबऱ्यात बसून विडी वळायची. सूप मांडीवर, पान कापायला उजेड रस्त्याकडून, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा. नव्या घरात खाली बसली की कठड्याच्या आड. उजेड नाही, वारा नाही, माणूस दिसत नाही. पहिल्या आठवड्यात तिनं ट्यूब लावून काम केलं. दुसऱ्या आठवड्यात सूप उचलून समोरच्यांच्या पायरीवर जाऊन बसली. आठ वर्षं रोज समोरच्यांच्या पायरीवर. आमचं घर एवढ्या लाखांचं आणि आमची अम्मा दुसऱ्याच्या दारात.

इंजिनियरला दोष देत नाही. तो चार वेळा आला आणि चारही वेळा अम्मानं काम आवरून, सूप आत ठेवून, पदर नीट करून त्याला खुर्ची दिली. पाहुणा आला की काम लपवायचं ही आमची रीत. त्याला दिसणार कसं?

तुमच्या आर्किटेक्टला भाकरी चालू असताना बोलवा. चहाच्या वेळेला नको.

---

टी_स्क्वेअर :

मी आर्किटेक्ट आहे, सोलापुरातच एकोणीस वर्षं काम करते. तेव्हा दुसऱ्या बाजूनं थोडं.

‘नेहमीसारखं’ हा शब्द ऐकला की मला आता धडकी भरते. आम्ही कॉलेजात जे नेहमीचं शिकतो ते उभ्यानं वापरायचं स्वयंपाकघर. ओट्याची उंची, सिंक-शेगडी-फ्रिज यांच्यातलं अंतर, सगळं उभ्या बाईच्या हिशेबानं. बसून काम करणाऱ्या बाईचं माप आमच्या डोक्यात आपोआप येत नाही. ते कुणीतरी दाखवावं लागतं, किंवा आम्ही विचारावं लागतं. ‘व्यवसाय आहे का’ हा प्रश्नही वाईटच होता. मी असते तर ‘सकाळी उठल्यापासून घरात कोण काय करतं ते सांगा’ असं विचारलं असतं. अर्थात हे शहाणपण मलाही फुकट आलेलं नाही.

सुरुवातीच्या वर्षांत एका कुटुंबाला मी विचारलं, माणसं किती? चौघं. चौघांचं नेटकं घर करून दिलं. जानेवारीत वास्तुशांतीनंतर पहिली गड्ड्याची जत्रा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, आली आणि इंडी-अक्कलकोटकडचे वीस पाहुणे पाच दिवस मुक्कामाला. दरवर्षी येतात म्हणे, संक्रांतीला नंदीध्वजांची मिरवणूक बघायला. हॉलमध्ये मी मधोमध एक शोभेची अर्धी भिंत घातली होती, त्यामुळं तिथं गाद्या सलग पडेनात. गृहस्थ मला काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी ती भिंत तोडली एवढंच कळलं. तेव्हापासून माणसं किती हा प्रश्न मी विचारत नाही, ‘गड्ड्याला किती जण झोपायला असतात’ असं विचारते.

आता तुमचं काम. आर्किटेक्टला फोन करताना ‘किचन लहान वाटतंय’ असं सांगू नका. लहान म्हणलं की तो एक फूट कुठून तरी काढून देईल आणि तुमचा प्रश्न तसाच राहील. सांगायचं ते असं : तीन बायका, तीन शेगड्या, जमिनीवर, एक उखळ, इतके तास, महिन्यातले इतके दिवस. त्यातून काय निघतं ते त्याला काढू द्या, ते त्याचं काम आहे.

आणि कागदावर पुन्हा बोलू नका. मंजुरीचा नकाशा १:१०० प्रमाणात असतो, दहा फुटांची भिंत त्यात जेमतेम तीन सेंटिमीटर. अशा तीन सेंटिमीटरमध्ये बसून भाकरी थापून बघणं कुणाला जमणार? तुमचं जोतं भरलेलं आहे. शाळेत खो-खोच्या मैदानाला फक्की मारता ना? तीच न्या. भिंती, दारं, ओटा सगळं खऱ्या मापात आखा. आईंना परात, पाट, शेगडी घेऊन बसवा. मावशींनाही. कंत्राटदारालाही त्याच वेळी बोलवा.

पैशांचं आधीच बोलून घ्या. तुमच्या बाजूनं राहिलेल्या माहितीमुळं नकाशे पुन्हा करावे लागले तर तो वेगळे पैसे मागेल, आरसीसी डिझायनरही (बीम-कॉलम-स्लॅबचा हिशेब करणारा) मागेल. त्यात गैर काही नाही. आणि भेटी किती ठरल्या आहेत ते करारात बघा. आर्किटेक्टची देखरेख म्हणजे टप्प्याटप्प्यानं येऊन बघणं, रोज साइटवर उभं राहणारा माणूस वेगळा लागतो. बरीच भांडणं ‘तुम्ही तर येतच नाही’ इथून सुरू होतात आणि करारात चारच भेटी लिहिलेल्या असतात.

बदल ठरला की नवा नकाशा, त्यावर तारीख आणि सुधारणा क्रमांक. जुन्या प्रती साइटवरून गोळा करून फाडा. मी एका साइटवर तीन मिस्त्रींच्या खिशात तीन वेगवेगळे ‘फायनल’ पाहिलेत. तुमच्या घरातून आर्किटेक्टशी कोण बोलणार हेही एकदा ठरवा. नणंदेच्या मिस्टरांना नमस्कार सांगा.

---

कोथरूडचा_सोलापूरकर :

आधीचा प्रतिसाद जरा आगाऊपणाचा झाला, माफ करा. सोलापूरला आलो की आईंच्या भाकऱ्या कुठं मिळतील?

---

भाकरतुकडा :

नऊ दिवसांनी लिहितेय, पण सांगण्यासारखं बरंच आहे.

फोन मीच केला. ह्यांना म्हणलं, प्रश्नावली तुम्ही भरली, आता फोन मी करते. आर्किटेक्ट दोन मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, “मॅडम, तीन शेगड्या? जमिनीवर?” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या घरी येतो म्हणाले. पूर्वभाग यांचं ऐकून मी म्हणलं, सकाळी नको, पहाटे पाचला या. आले. खरंच आले, डोळे चोळत.

आई काम थांबवून उठायला लागल्या. मी बसा म्हणलं. त्यांना खुर्ची दिली तर आईच म्हणाल्या, “लेकरा, खुर्चीवरून काय दिसतंय, हितं खाली बस बगू.” ते पोत्यावर बसले. टेप काढला. मांडी घालून बसलेली बाई, पुढं शेगडी, उजवीकडं परात, डावीकडं पिठाचा डबा : तीन फूट बाय चार फूट भरलं. शिवाय मागून भाकऱ्या उचलून न्यायला वाट. मग त्यांनी विचारलं, “उन्हाळ्यात पंखा लावता का?” आई हसल्या. पंखा लावला की शेगडी विझते. “मग काय करता?” म्हणून तर पहाटे चारला बसतो की. हे उत्तर ऐकून त्यांनी नकाशा उलगडला आणि कपाळाला हात लावला. स्वयंपाकघराला लागून माझ्या मुलाची खोली, त्याचं बारावीचं वर्ष, आणि त्या भिंतीलाच उखळ येणार होतं. पहाटे चारला.

मला हे सगळं माहीत होतं हो. रोज त्याच कुटण्यानं मला जाग येते. पण मला कुणी ‘किती वाजता’ असं विचारलं नव्हतं आणि ते सांगण्यासारखं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

त्याच संध्याकाळी शाळेतली फक्की नेऊन जोत्यावर आखलं. आई, काकू, मावशी तिघी पराती घेऊन बसल्या. १० बाय ९ मध्ये एल ओटा आणि फ्रिज सोडला तर दोघी कशाबशा बसल्या, तिसरी दारात. शेजारचा वॉचमन बघत होता, त्याला वाटलं काहीतरी पूजा आहे. कंत्राटदारही बघत होता. तो पहिल्यांदाच म्हणाला, “असंय होय, मग भिंत सरकवून नसतं भागलं.”

ठरलं ते असं. स्टोअरची मधली भिंत बांधायचीच नाही, म्हणजे स्वयंपाकघर १५ बाय ९. ओट्याचा एक हात काढून टाकला. बसायच्या भागात शहाबादी फरशी, कारण कुटून व्हिट्रिफाइड टाइल टिकणार नाही. उखळ मुलाच्या भिंतीपासून लांब, मागच्या कोपऱ्यात. त्याच्याखाली सहा इंच काँक्रीट आणि फरशी बसवायच्या आधीच दीड बाय दीड फुटाचा खळगा सोडायचा. खिडकी एक खाली, एक समोर वर छताजवळ, म्हणजे वाफ निघून जाईल आणि वारं शेगडीवर येणार नाही. गच्चीचा जिना घरातूनच होता, तो तसाच, भाकऱ्या वाळवायला बरा. हौद ५,००० चा, खड्डा वाढवून घेतला. आरसीसीवाल्यांनी स्लॅबचा एक बीम थोडा बदलला. नकाशावर ‘सुधारणा ३’ आणि तारीख आहे, जुन्या प्रती मी स्वतः गोळा केल्या. चार निघाल्या, एक तर सिमेंटच्या पोत्याखाली.

आर्किटेक्टनं नवीन नकाशांचे पैसे सांगितले. दिले. त्यांनी पहाटेच्या भेटीचे घेतले नाहीत, भाकऱ्या आणि चटणी मात्र बांधून घेऊन गेले.

अडकलंय एकाच ठिकाणी. स्टोअर गेल्यामुळं पिठाचे आणि शेंगांचे डबे जिन्याखाली येणार. जिन्याखाली ह्यांना पाहुण्यांसाठी संडास हवा होता, तो त्यांनी प्रश्नावलीत चांगला मोठ्या अक्षरात लिहिला होता. चार दिवस आमचं बोलणं जिन्याभोवतीच फिरतंय. काल आर्किटेक्टनं दोघांना एकत्र बोलावलं. हे म्हणाले, “आईचं काहीतरी चालू असतं त्यासाठी...” आणि वाक्य अर्ध्यात सोडलं, कारण आई मागं उभ्या होत्या. या वेळी चहा दिरांनी केला होता.

---

निवृत्त_ओव्हरसियर :

संडास मागच्या बाजूला धुण्याच्या जागेत बसतो का बघायला सांगा, ड्रेनेजची लाइन तिथंच असेल. आणि खळग्याखालचं काँक्रीट ओतायच्या दिवशी स्वतः उभ्या राहा.

---

भाकरतुकडा :

काका, विचारते. त्या दिवशी शाळेत रजा टाकलीय.